बाटली केजमध्ये राहत का नाही? वाचकांचे प्रश्न

या वेळी सायकलवाल्यांची पत्रं वाचताना लक्षात आलं की बरीचशी मंडळी एकाच गोष्टीने वैतागलीयत, ती म्हणजे पाण्याची बाटली. कुणाची उडते, कुणाची वाजते, कुणाच्या केजचे, म्हणजे फ्रेमवर बाटली अडकवायच्या सांगाड्याचे, बोल्टच सुटतात. म्हणून चेन आणि गियरचे प्रश्न पुढच्या वेळेवर ढकललेत आणि सगळी बाटली-प्रकरणं एकत्र घेतलीयत.

प्रश्न: माझी हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे असलेली माउंटन बाइक. दगडगोट्यांच्या उतारावर बाटली उडून मागे पडते, मग उतरा, परत चढून जा, झुडपात शोधा. कार्बनची केज घेतली, हलकी आहे, दिसायलाही भारी, पण पहिल्याच राइडला बाटली गेली. बाटली मोठी आहे, ९५० मिलीची. कोणी म्हणतं अॅल्युमिनियम घे, कोणी म्हणतं साधी प्लास्टिकचीच बरी. नक्की कुठलं मटेरियल धरून ठेवतं?

उत्तर: मटेरियलचं नंतर बघू, आधी बाटली उडते कशी ते बघा, अर्धं उत्तर त्यातच आहे. डाऊन ट्यूब, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणारी फ्रेमची नळी, तिरकी असते आणि बाटली तिच्यावर टेकून बसलेली असते. पुढचं चाक दगडावर चढतं तेव्हा फ्रेम झटक्यात वर जाते आणि बाटलीलाही वर ढकलते, मग चाक दगडावरून उतरतं, फ्रेम खाली येते, पण बाटली अजून वरच निघालेली असते. त्या क्षणाला तिला अडवायला दोनच गोष्टी असतात. एक, केजच्या हातांनी दोन्हीकडून दिलेला दाब. दुसरी, केजच्या वरच्या टोकाला आत वळलेला जो छोटा तुकडा असतो तो, जो बाटलीच्या गळ्याखालच्या खाचेत जाऊन अडकतो. दाबाचं असं आहे की ते शेवटी घर्षण, पाणी सांडलं, बारीक चिखल मध्ये गेला की ते कमी होतं. खाचेत अडकलेला तुकडा मात्र ओला झाला म्हणून सुटत नाही. त्यामुळे माझं सरळ मत आहे, खडबडीत रस्त्यावर जायचं असेल तर तो तुकडा खाचेत पूर्ण बसतोय की नाही हे पहिलं बघायचं, वजन, रंग, मटेरियल सगळं त्याच्या मागून.

आणि इथेच बहुतेकांची गडबड होते, कारण केज घ्यायला जाताना बाटली कोणी सोबत नेत नाही. सायकलच्या बाटल्यांचा व्यास साधारण ७३-७४ मिलिमीटर धरलेला असतो आणि केजही त्याच हिशोबाने बनवतात, पण खाच किती उंचीवर आहे, किती खोल आहे, तिची कड धारदार आहे की नुसती गोलसर उतरती, यात प्रत्येक कंपनीचं आपापलं चालतं. काही बाटल्यांची खाच इतकी उथळ असते की केजचा तुकडा तिच्यावर नुसता टेकून राहतो. सपाट डांबरी रस्त्यावर तेवढं पुरतं, दगडांवर नाही. तेव्हा नवीन केज घ्यायच्या आधी तुमच्याच केजमध्ये दुसऱ्या कुणाची तरी ६०० मिलीची, खोल खाचेची बाटली घालून बघा. ती राहिली तर केजला नावं ठेवायचं कारण नाही, तुमची जोडीच जमलेली नाही एवढंच.

तुमच्या बाबतीत बाटलीचा आकारही नडतोय. ९५० मिलीची बाटली भरली की बाटलीसकट किलोभराचं प्रकरण होतं, म्हणजे ६०० मिलीवालीच्या दीडपट तरी, आणि हे जास्तीचं वजन सगळं वरच्या बाजूला, केजच्या पकडीबाहेर असतं. धक्का बसला की वरचं टोक डोलतं, डोलता डोलता तुकडा खाचेतून जरा जरा सरकत जातो आणि पुढच्या मोठ्या धक्क्याला बाटली मोकळी. खडकाळ उतारासाठी एका मोठ्या बाटलीपेक्षा दोन छोट्या बऱ्या, एक डाऊन ट्यूबवर, एक सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर), फ्रेममध्ये जागा असेल तर. जागा नसेल आणि मोठीच हवी असेल तर मग हात वरपर्यंत येणारी, बाटलीला जास्त घेरणारी केज बघा, वर एक पट्टा लावा. पट्ट्याचं पुढे एका प्रश्नात आलंय.

अजून एक गोष्ट आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. मऊ प्लास्टिकची बाटली दाबून पाणी प्यायलात आणि दाबलेली असतानाच तोंड बंद केलंत तर आत हवा परत जात नाही, बाटली चेपलेलीच राहते. चेपलेली म्हणजे बारीक, आणि बारीक म्हणजे केजमध्ये सैल. तोंड बंद करायच्या आधी बाटलीला परत फुगू द्या, एक सेकंदाचं काम आहे. जुन्या झालेल्या, पार लिबलिबीत पडलेल्या बाटल्यांचंही तेच, त्या घरी झाडांना पाणी घालायला ठेवा.

आता मटेरियल. अॅल्युमिनियमच्या दांडीची केज मला खडबडीत वापरासाठी आवडते ती एकाच कारणाने, ती हाताने वाकवून घट्ट करता येते. बाटली काढा, केजचे दोन्ही हात आतल्या बाजूला थोडे दाबा, दोन्हीकडून सारखं, वरचा तुकडाही किंचित आत घ्या, मग बाटली घालून बघा. पण हे दर आठवड्याला करायचं काम नाही हं, अॅल्युमिनियम परत परत वाकवलं की थकतं आणि वेल्डिंगच्या जागी किंवा जिथे दांडी वळते तिथे केसासारखी चीर पडते. शिवाय ते बाटलीवर काळे डाग पाडतं, ती अॅल्युमिनियमची घासलेली भुकटी असते, त्याला इलाज नाही. स्टेनलेस स्टीलची केज जास्त स्प्रिंगसारखी असते, डाग पाडत नाही, वर्षानुवर्षं टिकते, वजन थोडं जास्त. अमेरिकेत कोलोराडोतल्या ड्युरँगो गावात किंग केज नावाने स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या केज हाताने बनवतात, त्या याच कामासाठी सायकलवाल्यांमध्ये नावाजलेल्या आहेत. प्लास्टिक, म्हणजे नायलॉनमध्ये काचेचे तंतू घातलेलं जे असतं ते, चांगल्या प्रतीचं असेल तर अजिबात वाईट नाही, उलट त्याची लवचिकता बाटलीला छान धरते. साधं स्वस्त प्लास्टिक मात्र उन्हात कडक होतं आणि एक दिवस काडकन तुटतं. कार्बनमध्ये दोन्ही टोकं बघायला मिळतात, काही कार्बन केज इतक्या घट्ट असतात की बाटली काढताना सायकल हलते आणि काही नुसत्या वजनाच्या स्पर्धेत उतरलेल्या असतात. आणि कार्बन वाकवून घट्ट करता येत नाही, सैल निघाली तर सैलच. तुमची दुसऱ्या जातीतली दिसतेय. ती रोडबाइकला लावा किंवा कुणाला तरी देऊन टाका.

पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली जुनी शर्यत, १८९६ पासूनची, तिच्यात सुमारे ५५ किलोमीटर दगडी फरसबंदी असते. तिथे दर वर्षी रस्ताभर बाटल्या पडलेल्या दिसतात, म्हणजे जगातल्या सगळ्यात महागड्या सायकलींवरून पण पडतातच. तिथले मेकॅनिक काय करतात, तर केजच्या आतल्या बाजूला खरखरीत ग्रिप टेप चिकटवतात, स्केटबोर्डवर असते तशी, आणि केज आतून दाबून ठेवतात. हे तुम्हीही करू शकता, फक्त बाटलीवर ओरखडे येतात आणि काढताना थोडा जोर लागतो.

केज विकत घेताना किंवा लावल्यावर चाचणी कशी करायची तेही सांगतो. बाटली पूर्ण भरा, रिकाम्या बाटलीने काहीच कळत नाही. केजमध्ये घाला, आत बसताना टक् असा आवाज किंवा हाताला तसं जाणवायला हवं. मग सायकल उलटी धरा, सीट खाली चाकं वर, आणि चांगली गदगदा हलवा. बाटली बाहेर आली नाही पण एखाद्या सेंटिमीटरने सरकली, तरी नापास, कारण राइडवर हेच तासभर चालणार असतं. मग सायकल सरळ करून पुढचं चाक गुडघ्याएवढं उचला आणि सोडा, चार-पाच वेळा, नजर बाटलीच्या गळ्यावर. तुकडा खाचेतून डोकावतोय का ते लगेच दिसतं. शेवटी एका हाताने, न बघता, बाटली काढून परत घालून बघा. इतकी घट्ट केज की चालवताना दोन्ही हात लागतील, ती कच्च्या रस्त्यावर सैल केजपेक्षाही धोक्याची.

प्रश्न: मी स्टीलची थर्मास-टाइप बाटली वापरते कारण पाणी गार राहतं. पडत नाही पण खड खड खड असा आवाज येतो की डोकं उठतं. केज बदलू का?

उत्तर: ताई, केज बदलून फार फरक पडणार नाही. प्लास्टिकची बाटली केजमध्ये जराशी दबते आणि त्या दबण्यामुळेच ती गप्प बसते. स्टील दबत नाही, त्यामुळे व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी एकतर ती आत जातच नाही नाहीतर जाते आणि वाजत राहते. वर धातूवर धातू घासून केजचं आणि बाटलीचं दोन्हीचं रंगरूप जातं. सोपा उपाय म्हणजे टायरमधल्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा आडवा कापा, रबराची रिंग मिळते, ती बाटलीवर मोज्यासारखी चढवा, जिथे केजचे हात टेकतात नेमकं तिथे. ट्यूब अरुंद असेल तर रिंग चढायला जाम त्रास देते, मग रुंद टायरची ट्यूब घ्या. आवाज थांबतो आणि पकडही वाढते. फक्त बघा की रिंग घातल्यावर बाटली केजमध्ये जायला फार घट्ट होत नाही ना, झाली तर ट्यूबऐवजी कापडी टेपचा एक थर द्या.

पण खडकाळ ट्रेलवर मी स्टीलची बाटली घेऊन जाणार नाही. खाच नसते तिला बहुतेक वेळा, आणि उडाली तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येणार. गार पाण्यासाठी दुहेरी भिंतीच्या मऊ प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात, सायकलसाठीच बनवलेल्या, खाच असलेल्या. स्टीलइतकं गार राहत नाही पण दोन-तीन तास बरं राहतं.

प्रश्न: दादा, माझी फुल सस्पेन्शन आहे (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन), फ्रेम स्मॉल साइज. केज लावली तर बाटली वर काढताच येत नाही, टॉप ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीला आपटते, आणि खाली शॉकला (मागच्या सस्पेन्शनच्या शॉक अॅब्झॉर्बरला) लागते की काय अशी भीती. मित्र म्हणतो डाऊन ट्यूबच्या खालच्या बाजूला होल आहेत तिथे लाव. लावू का?

उत्तर: अरे, आधी साइड एंट्रीवाली केज बघ, म्हणजे जिच्यात बाटली वरून न काढता बाजूने काढता येते. यात डावी आणि उजवी अशा दोन जाती असतात, काही केज दोन्हीकडून लावता येतात. तू बाटली कुठल्या हाताने काढतोस ते सायकलवर बसून एकदा करून बघ, नुसता विचार करून ठरवू नकोस, कारण उजव्या हाताने लिहिणारे बरेच जण पाणी डाव्या हाताने पितात. पुढचा ब्रेक ज्या हाताला असेल तो हात उतारावर हँडलवरच राहिलेला बरा, हाही एक मुद्दा आहे.

साइड एंट्री म्हणजे एक बाजू उघडी, मग पकड कमी, असं लोकांना वाटतं. स्वस्त केजमध्ये ते खरंही आहे. चांगल्या केजमध्ये मात्र उघड्या बाजूला खालून आणि वरून वळलेले ओठ असतात आणि खाचेतला तुकडा तसाच असतो, त्यामुळे बाटलीला वर उडायला जागाच नसते, ती फक्त तू ओढशील त्या बाजूलाच निघते. उलटं करून गदगदा हलवायची चाचणी वर दिलीय, ती तुझ्यासाठी पण.

लावताना जागा नीट मोज. केजचे बोल्टचे होल लांबट असतात, त्यामुळे केज सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली सरकवता येते. तेवढ्याने भागलं नाही तर सरकवणारी पट्टी मिळते, आधी पट्टी फ्रेमला बोल्ट करायची मग केज पट्टीला, त्याने केज बरीच खाली नेता येते. आणि शॉकची भीती खरी आहे, ती अशी तपास: एअर शॉक असेल तर त्यातली हवा पूर्ण काढ, बाटली घालून सायकलवर वजन टाक आणि सस्पेन्शन शेवटपर्यंत दाब. बाटली आणि शॉक किंवा लिंकेज (मागच्या चाकाला शॉकशी जोडणारे सांधे) यांच्यात बोट जाईल एवढी जागा उरली पाहिजे. मग हवा परत पहिल्याएवढीच भर, आधी किती होती ते लिहून ठेव नाहीतर नंतर शॉक पंप घेऊन अंदाज लावत बसशील.

डाऊन ट्यूबच्या खाली लावायचं म्हणशील तर मी तिथे टूल आणि ट्यूब ठेवीन, पिण्याचं पाणी नाही. ती जागा म्हणजे पुढच्या चाकाचा सगळा चिखल थेट झेलणारी. आणि तो चिखल नुसता मातीचा नसतो, त्यात जनावरांचं शेण असतं. २००७ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये एका माउंटन बाइक शर्यतीनंतर बऱ्याच स्पर्धकांना कॅम्पिलोबॅक्टर या जंतूमुळे जुलाब झाले होते आणि तपासात त्याचा संबंध तोंडात गेलेल्या चिखलाशी लागला होता. आतल्या बाजूच्या बाटलीवरही चिखल उडतोच, म्हणून तोंडावर झाकण असलेली बाटली घे, आणि झाकण नसेल तर पहिली चूळ बाहेर थुंकायची सवय लाव.

प्रश्न: केजचे बोल्ट दर दोन राइडनंतर ढिले होतात. मागच्या आठवड्यात एकदम जोर लावून आवळले तर आता बोल्ट नुसता गोल गोल फिरतो, ना आत जातो ना बाहेर येतो. फ्रेम अॅल्युमिनियमची आहे. गेली का फ्रेम?

उत्तर: नाही हो, फ्रेम शाबूत आहे. तुमच्या फ्रेममध्ये बोल्टसाठी जे आटे आहेत ते फ्रेमच्या नळीतच पाडलेले नसतात, नळीची भिंत त्यासाठी फार पातळ असते. तिथे एक छोटी आटे असलेली नळी आतून फुगवून बसवलेली असते, तिला रिव्हनट म्हणतात. तुम्ही जास्त जोर लावलात तेव्हा ती रिव्हनट फ्रेममधली पकड सोडून बोल्टसकट फिरायला लागलीय.

आधी बोल्ट बाहेर काढायला हवा. रिव्हनटची कड फ्रेमच्या वर थोडी आलेली असते, ती बारीक तोंडाच्या पक्कडीने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने बोल्ट उलटा फिरवा. केज मध्ये येत असेल तर केजची बळी द्यावी लागते, प्लास्टिकची असेल तर सरळ कापा. बोल्ट निघाला की रिव्हनट परत आवळायची. एक लांब एम५ (५ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट घ्या, त्याच्यावर एम५ चा नट डोक्यापर्यंत चढवा, मग एक-दोन वॉशर, वॉशरच्या मध्ये ग्रीसचं बोट. हा बोल्ट रिव्हनटमध्ये चार-पाच आटे तरी जाईल इतका घाला. आता बोल्टचं डोकं अॅलन कीने (षटकोनी किल्लीने) धरून अजिबात फिरू द्यायचं नाही आणि नट पान्याने वॉशरवर आवळत जायचं. नट खाली दाबतो, बोल्ट वर ओढला जातो आणि त्याच्यासोबत रिव्हनट आतल्या बाजूने चेपून परत फुगते, फ्रेम घट्ट पकडते. जरा जरा आवळा, मध्ये मध्ये थांबून बघा, घाईने आवळलं तर आटेच निघून येतील. इतकं करूनही फिरत राहिली तर मेकॅनिककडे द्या, तो जुनी काढून नवी बसवतो, त्याच्याकडे त्याचं हत्यार असतं. कार्बन फ्रेम असेल तर हा प्रयोग घरी करूच नका, थेट मेकॅनिक.

आता मुळात बोल्ट ढिले का होतात. खडबडीत रस्त्यावर भरलेली बाटली केजला सतत हिसके देत असते आणि ते हिसके शेवटी त्या दोन छोट्या बोल्टांवर येतात. यावर जोर लावून आवळणं हा उपाय नाही. बोल्टवर मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, निळा असतो तो, एक थेंब लावा, २ ते ३ न्यूटन मीटरवर आवळा आणि रात्रभर राहू द्या. टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते मोजणारा पाना) नसेल तर अॅलन कीची आखूड बाजू हातात धरून आवळा, लांब बाजू धरून नाही, मग हाताने जास्त जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. लाल थ्रेड लॉक नको, ते कायमचं बसवायला असतं. आणि केज प्लास्टिकची असेल तर थ्रेड लॉक केजवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं, थेंब आट्यांच्या टोकाशीच लावायचा. बोल्ट काढले की आट्यांतली जुनी माती ब्रशने साफ करा, ओल्या मातीवर थ्रेड लॉक धरत नाही.

बोल्टची लांबी पण बघा. केज जाड तळाची असेल आणि बोल्ट आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो, मग तो ढिला होणारच. उलट फार लांब बोल्ट घातला तर सीट ट्यूबमध्ये तो आतल्या सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) घासतो, आणि डाऊन ट्यूबमध्ये आतून ब्रेकची होज (तेलाची नळी) गेलेली असेल तर तिला. सीटपोस्टवर उभा एक सरळ ओरखडा दिसला तर समजा तोच. बोल्ट पाच-सहा मिलिमीटर तरी आट्यांमध्ये गेला पाहिजे, त्याहून फार जास्त नको.

नवीन केज लावल्यावर पहिल्या राइडनंतर बोल्ट एकदा तपासायचे, एवढं केलं तरी बरेच त्रास होत नाहीत. आणि सीट ट्यूबवर केज लावत नसाल तरी त्या होलमध्ये बोल्ट असू द्या, नाहीतर पाऊस आणि धुण्याचं पाणी सरळ फ्रेममध्ये जातं.

प्रश्न: माझी जुनी स्टीलची सायकल आहे, फ्रेमला केजसाठी होलच नाहीत. होल पाडून घेऊ का?

उत्तर: नाही. अजिबात नाही. क्लॅम्प मिळतात, नळीभोवती पट्टा बांधून त्यावर बोल्टची जागा देणारे, तेच वापरा. लोखंडी क्लॅम्प असेल तर खाली रबराची पट्टी द्या, रंगही वाचतो आणि क्लॅम्प सरकतही नाही. खडबडीत रस्त्यावर क्लॅम्प फिरून केज एका बाजूला लोळते हा नेहमीचा त्रास, तो रबरानेच जातो. दोन क्लॅम्प वापरा, एक वर एक खाली, आणि दोन्ही बोल्टमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६४ मिलिमीटर ठेवा, केज त्याच मापाच्या असतात. हँडलबारवर लावायच्या कापडी बाटली-पिशव्या मिळतात त्याही या सायकलला छान, खोल पिशवी आणि वर दोरी आवळता येते, त्यातून बाटली उडत नाही. फक्त ती पिशवी गुडघ्याला किंवा ब्रेकच्या केबलला लागत नाही ना ते हँडल पूर्ण वळवून बघा.

प्रश्न: लांबच्या टूरला फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर, दोन्हीकडे लिटरच्या बाटल्या न्यायच्या आहेत. तिथे नेहमीच्या केज चालतील? मॅग्नेटवाल्या बाटल्यांबद्दल पण सांगा, कशा आहेत.

उत्तर: फोर्कला तीन होल एका रेषेत असतील तर मोठ्या सामानाची केज लावा, नेहमीची दोन बोल्टची नको. नेहमीची केज डाऊन ट्यूबवर तिरकी राहते म्हणून बाटलीचं वजन थोडं तरी नळीवर टेकतं, फोर्कवर ती जवळजवळ उभी असते आणि सगळं वजन केजच्या तळावर आणि बोल्टांवर. त्यात पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का सगळ्यात आधी फोर्कलाच. लिटरच्या जाड बाटल्या नेहमीच्या केजमध्ये जातही नाहीत, त्या बऱ्याच रुंद असतात. मोठी केज, त्यात बाटली, आणि भोवती दोन पट्टे, एक खालच्या तिसऱ्या भागात आणि एक गळ्याजवळ, एकाच पट्ट्यावर बाटली फिरत राहते. ताणला जाणारा रबरी पट्टा, बकलवाला, हा कापडी वेल्क्रोपेक्षा चांगला, वेल्क्रो चिखलाने भरलं की चिकटायचं विसरतं. पट्ट्याचं मोकळं टोक आत खोचा, चाकाच्या आरीत गेलं तर पुढचं चाक जागच्या जागी थांबेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे. फोर्क सस्पेन्शनचा असेल तर कंपनीने तिथे सामान लावायला परवानगी दिलीय का ते बघा, होल नसलेल्या सस्पेन्शन फोर्कवर क्लॅम्प आवळायचा विचार सोडून द्या.

हेच पट्ट्याचं डाऊन ट्यूबवरच्या मोठ्या बाटलीलाही लागू, पहिल्या प्रश्नवाल्यांनी वाचलं असेल तर. ट्यूबची रबर रिंगही चालते, केजच्या मागून घेऊन बाटलीच्या गळ्यावर अडकवायची. दर वेळी पाणी प्यायला ती काढावी लागते, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी लावा, चढावर मोकळी ठेवा, चढावर बाटली उडत नाही कुणाची.

मॅग्नेटवाल्यांमध्ये फिडलॉक हे नाव जास्त दिसतं. तिथे मॅग्नेट बाटलीला जागेवर ओढतं आणि धरून ठेवायचं काम आतली यांत्रिक खोबण करते, बाटली फिरवली की सुटते. केजच नसल्यामुळे लहान फ्रेमला फार सोयीचं, वरच्या छोट्या फुल सस्पेन्शनवाल्यालाही. पकड चांगली. अडचण एकच, बाटलीवर त्यांचा जोड हवा, वाटेत बाटली फुटली किंवा हरवली तर दुसरी कुठलीही घालून पुढे जाता येत नाही. लांबच्या टूरला म्हणूनच मी साधी केज घेईन, जिच्यात कुठेही मिळालेली बाटली रबर लावून का होईना पण बसते. आणि फोर्कवर तर मॅग्नेट नकोच, लिटरभर पाण्यासाठी ते बनवलेलं नाही.